आत्यानं ठेवलेला नारळ

माझ्या वच्छीआत्यानं गावच्या देवळात नारळ ठेवून माफी मागितली होती. कशाबद्दल, तर खरं बोलल्याबद्दल. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वाडीत अजूनही ही गोष्ट वेगळी सांगतात. 'वच्छीच्या तोंडून वावगा शब्द गेला आणि गावावर आरिष्ट आलं' असं म्हणतात, वर मान हलवतात, आणि ऐकणाराही 'असतं एकेकाच्या जिभेवर' म्हणून मोकळा होतो. माझी साठी उलटली, गुडघे गेले, पण हे ऐकलं की अजून कानशिलं तापतात. मी तिथे होते. सगळं ह्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्यात माझा हात किती होता तेही मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं गाव रत्नागिरीपासून एस.टी.नं तासाभरावर, खाडीच्या अंगाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि मधल्या उतारावर पंचवीस-तीस घरं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, रत्नागिरीत लाकडाच्या वखारीत कारकून होते. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे. आई शेत आणि गोठा बघायची. वच्छीआत्या अण्णांची मोठी बहीण. तिचा नवरा मचव्यावर, म्हणजे मालाच्या गलबतावर, तांडेल होता, रत्नागिरीच्या मांडवी बंदरात त्यांचं बिऱ्हाड होतं. तो तापानं गेला आणि मूलबाळ नसलेली आत्या एक ट्रंक आणि दोन चटया घेऊन माहेरी परत आली. तेव्हा मी चार वर्षांची होते. ही गोष्ट घडली तेव्हा तेरा वर्षांची.

त्या चटयांवर आत्याचा संसार चालायचा. मार्च संपला की आमचं अंगण तिचं. एका चटईवर कोकमाची सालं, दुसरीवर फणसाचे सांडगे, आणि तूप लावलेल्या थाळ्यांत आंब्याचा रस. त्या रसाचे थरावर थर देऊन ती आंबापोळी करायची. कोकमाची सालं त्यांच्याच खारट रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं चार-पाच वेळा झालं की आमसुलं काळीभोर आणि मऊ होतात. मधे एकदा पाऊस लागला की संपलं, बुरशी धरते. त्यामुळे आत्याची नजर सतत वर. भाकरी थापताना, विहिरीवर, अगदी आमच्या वेण्या घालतानासुद्धा ती मधेच हात थांबवून आभाळाकडे बघायची, आणि आम्ही 'आत्ये, दुखतं गो' म्हणून ओरडायचो. अंगणात कायम आंबट-गोड वास आणि माश्यांची गुणगुण. पानावर सोलकढी नाही असा उन्हाळ्यातला एक दिवस मला आठवत नाही.

तिला आभाळ कळायचं, आणि त्यात जादूटोणा काही नव्हता. निम्मं चटयांनी शिकवलं होतं, निम्मं नवऱ्यानं. मिठाची बरणी उघडून बोटानं चाचपून बघायची. मीठ पाझरलं असेल तर हवेत पाणी आहे. खालचा वारा कुठून येतो हे पदर धरून बघायची आणि वरचे ढग कुठे पळतात ते माडाच्या शेंड्याच्या आधारानं बघायची. दोन्ही एका दिशेनं असतील तर साधा पाऊस. खालचा वारा एकीकडे आणि वरचे ढग दुसरीकडे, असं दिसलं की ती गप्प व्हायची. नवऱ्यानं तिला समुद्रातल्या सोंडेची गोष्ट सांगितली होती. ढगाचं बूड काळं पडतं, फिरायला लागतं, मग त्यातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी खाली पाण्याला टेकतं, आणि वाटेत आलेलं गलबत खेळण्यासारखं भिरकावतं. हल्लीच्या मुलांना तुम्ही 'टॉर्नेडो' म्हणालात तर कळेल. परदेशातले व्हिडिओ बघून त्यांना वाटतं की हे सगळं तिकडंच होतं. आत्याच्या तोंडी शब्द एकच होता, सोंड.

आता नळे परतण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरून झालं. तेव्हा आमच्याकडची घरं बहुतेक नळ्यांची. नळा म्हणजे गावच्या कुंभारानं केलेलं अर्धगोल कौल. दरवर्षी मे महिन्यात सगळे नळे खाली उतरवायचे, झाडायचे, फुटके काढायचे, वासे-रिपा तपासायच्या आणि पुन्हा नळे चढवायचे. त्या एका दिवसापुरतं घर आभाळाला उघडं पडतं. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे, वाडीतली पंधरा-वीस माणसं लागतात. म्हणून ज्याचं घर परतायचं त्याच्याकडे सगळ्यांनी जायचं आणि ज्याचं घर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, अशी रीत. भात, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, सोलकढी. आणि पहिला मान गावकराच्या, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याच्या, घराचा. ते परतल्याशिवाय दुसऱ्या कुणी आपला एक नळासुद्धा हलवायचा नाही. आमचे गावकर म्हणजे सदूभाऊ. उंच, गोरे, मिशा पिळलेल्या, देवळातला पहिला नारळ त्यांचा, पालखीचा पहिला खांदा त्यांचा. माणूस वाईट नव्हता हो. पण मान हा त्याचा प्राण होता.

त्या वर्षी सदूभाऊंच्या घराचा दिवस ठरलेला होता. मुंबईचे चाकरमानी दोन दिवसांनी परत निघणार होते, त्यामुळे कामाला हात मिळणार होते ते तेवढ्यातच. त्या सकाळी आत्या उठली तीच अस्वस्थ. मिठाची बरणी उघडली, बोट चाटलं, झाकण लावलं. मग अंगणात येऊन तिनं एकही चटई पसरली नाही. आई म्हणाली, "वन्सं, ऊन तर छान पडलंय." आत्या म्हणाली, "ऊन पडलंय, पण भाजणारं नाय. उकडणारं आहे. रातभर वारा नव्हता, आणि आता खाडीवरनं येतोय तो ओला आहे. वर बघा, ढग सड्याकडनं समुद्राकडे चाललेत." आईनं बघितलं, पण आईला काय कळणार? मलाही काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की आत्यानं पायात चपला घातल्या आणि ती सदूभाऊंच्या घराकडे निघाली. मी मागोमाग धावले. त्यांच्याकडे त्या दिवशी वडे होते, खोटं कशाला बोलू.

सदूभाऊंच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, माणसं जमली होती. शिड्या लागल्या होत्या, चहाचं पातेलं चुलीवर होतं. आत्या सरळ सदूभाऊंसमोर जाऊन उभी राहिली. दोघं एकाच वाडीत वाढलेली, एकाच पऱ्यात डुंबलेली, त्यामुळे ती त्यांना अरे-तुरे करायची. गावात बाकी कुणाची टाप नव्हती.

"सदू, आज घर उघडू नको. दोन दिवस थांब."

"का गो?"

"हवा बरी नाय. खालचा वारा आणि वरचा वारा भांडतायत. संध्याकाळपर्यंत काहीतरी मोठं येणार. साधा पाऊस नाय हो."

सदूभाऊंनी माडीच्या खिडकीत ठेवलेल्या ट्रान्झिस्टरकडे बोट दाखवलं. "रेडिओवाल्यानं काय सांगितलंन नाय ते. तुला बरं कळलं?" मग सगळ्यांकडे बघत, मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "वच्छे, तुझी आमसुलं भिजतील म्हणून मी घर झाकून बसू काय? चाकरमान्यांना काय सांगू, बाईला मीठ ओलं लागलं म्हणून रजा वाढवा?"

झालं. खळं खो खो हसलं. आत्याचा चेहरा लाल झाला. ती मुळात फटकळ, आणि त्यात चारचौघांत लोक हसलेले. ती म्हणाली, "आमसुलं भिजली तर मी पुन्हा घालीन. तुझं घर उडालं तर तू काय घालशील?" आणि तरातरा चालत घरी आली. मी वडा न खाताच परत आले, तेव्हा मला तिचाच राग आला होता. हेच ते वाक्य. 'तुझं घर उडालं तर तू काय घालशील.' नीट लक्षात ठेवा. पुढे हे आत्याच्या गळ्यात धोंड्यासारखं बांधण्यात आलं.

दुपारी जीव नको झाला. घाम पुसला तरी निघेना. कावळे गप्प, घारी कुठे दिसत नव्हत्या, गोठ्यातली म्हैस दावं ओढत होती. सड्याच्या अंगाला ढग उभे चढत चालले होते, चढता चढता त्यांचा माथा सपाट होऊन आमच्या डोक्यावर पसरला. त्याच्या खालच्या अंगाला गाईच्या कासेसारख्या गाठी लोंबत होत्या. मला ते सुंदर वाटलं, मी आत्याला बोट करून दाखवलं. तिनं माझं बोट खाली ओढलं आणि म्हणाली, "घरातच राहा." चार वाजता गारा पडल्या. आमच्याकडे गारा म्हणजे अप्रूप! सुपारीएवढ्या गारा कातळावर तडतडत होत्या आणि सगळी पोरं ओरडत सदूभाऊंच्या खळ्यात वेचायला धावली. मीही धावले, आत्याचं कोण ऐकतंय! घर तोवर पूर्ण उघडं झालं होतं, नळ्यांच्या राशी खळ्यात रचलेल्या, वर नुसते वासे आणि आढं. माणसं गोण्या आणि ताडपत्री घेऊन भाताची कणगी झाकायला धावत होती.

मग गारा एकदम थांबल्या. वारा थांबला. मी आयुष्यात तशी शांतता पुन्हा अनुभवली नाही. माडाचं एक झावळ हलत नव्हतं. उजेड हिरवट झाला, कैरीच्या सालीसारखा, आणि सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायला लागले. माझ्या कानांत दडे बसले. लोकांना वाटलं, गेलं, संपलं. सदूभाऊ म्हणाले, "चला, चहा घ्या, आता नळे चढवायला घेऊ." तेवढ्यात आत्या आली. पदर खोचलेला, केस सुटलेले, धावत. तिनं कुणाशी वाद घातला नाही. सदूभाऊंची सून वर्षाच्या मुलाला घेऊन ओटीवर बसली होती. आत्यानं तिच्या मांडीवरून ते मूल उचललं आणि पऱ्याकडे पळत सुटली. सून किंचाळत मागे धावली, तिच्यामागे इतर बायका धावल्या, आणि बायका धावतायत म्हणून आम्ही पोरं धावलो. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात वाहणारा ओढा, मे महिन्यात कोरडा ठाक. दोन्हीकडे पुरुषभर उंचीच्या जांभ्याच्या दरडी. आत्या ओरडत होती, "आडव्या व्हा! मेल्यांनो, आडवे व्हा, डोकी खाली!" इंदूकाकी, आमची शेजारीण, म्हणत होती, "खुळी झाली ही, पोर चोरलंन हिनं." आणि तेवढ्यात आवाज सुरू झाला.

भातगिरणीच्या पट्ट्याजवळ कान नेल्यावर जशी घरघर येते तशी, पण सगळीकडून. मी डोकं वर काढून बघितलं, म्हणून मला दिसलं. खाडीवर ढगाचं बूड गरगर फिरत होतं आणि त्यातून एक करडी सोंड खाली आली होती. तिच्या पायाशी पाणी पांढरं उसळत होतं. काठावर आल्यावर ती लाल-तपकिरी झाली, आमच्या मातीच्या रंगाची. आत्यानं माझी मान धरून खाली दाबली. पानं, काटक्या, धूळ, चेहऱ्यावर खडे. माझ्या शेजारी ते मूल आत्याच्या छातीशी रडत होतं, पण रडण्याचा आवाज येत नव्हता, नुसतं तोंड उघडं दिसत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. फार नसावा.

वर आलो तेव्हा सदूभाऊंच्या घरावर आढं नव्हतं. वासे वीस-पंचवीस पावलांवर फणसाच्या झाडात अडकले होते. खळ्यातले रचलेले नळे बंदुकीतून सुटल्यासारखे पसरले होते. बायका-पोरं थोड्या वेळापूर्वी जिथे गारा वेचत होती त्या जागी जमिनीत नळ्यांचे तुकडे रुतले होते. महादू म्हणून एक गडी शिडीवरून पडला, त्याचा पाय मोडला. सदूभाऊ दाराची चौकट धरून उभे होते, अंगावर धूळ, मिशा खाली उतरलेल्या. आणि शेजारच्या इंदूकाकीच्या अंगणात दोरीवरची लुगडी जशीच्या तशी होती. सोंड तशीच असते, एकाचं नेते आणि शेजाऱ्याला हात लावत नाही. आत्यानं मूल सुनेच्या हातात दिलं. सुनेनं ते घेतलं. आभार वगैरे काही नाही, पण त्या क्षणी त्या बिचारीकडून अपेक्षाही नव्हती.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती, आत्याची ओटी भरून. दुसऱ्या दिवशी तलाठी आले, रत्नागिरीहून माणसं बघायला आली, एका वर्तमानपत्राचा बातमीदारही आला. तलाठी पंचनाम्यात 'वादळी वारा' लिहीत होते. आत्या म्हणाली, "भाऊ, सोंड उतरली होती." ते हसून म्हणाले, "बाई, सोंड हत्तीला असते." बातमीदारानं सगळ्यांना विचारलं, "कुणाला काही कल्पना आली होती का आधी?" सगळे नाही नाही म्हणत होते. नाही? माझं तेरा वर्षांचं डोकं भडकलं. मी गर्दीतून पुढे घुसले आणि छाती फुगवून म्हणाले, "आमच्या आत्याला कळलं होतं! तिनं सकाळीच सदूकाकांना सांगितलं होतं, तुझं घर उडालं तर तू काय घालशील!"

मला वाटलं, आता सगळे आत्याकडे आदरानं बघतील. खळ्यातले सगळे आत्याकडे वळले. मग इंदूकाकी हळूच म्हणाली, "व्हय गो. बोलली होती ती. मुखातनं काढलंन होतं." आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसलेल्या सदूभाऊंनी मान वर केली. तो चेहरा मी विसरलेले नाही. त्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. सुटका होती! रात्रभर त्या माणसाला एकच गोष्ट खात असणार, की मला सांगितलं होतं आणि मी हसलो. आणि आता ह्या दीडशहाण्या पोरीनं त्याच्या हातात सुटकेची दोरी दिली होती. घर त्याच्या हट्टानं गेलं नव्हतं, वच्छीच्या जिभेनं गेलं होतं. बातमीदारानं मात्र दुसऱ्या दिवशी छापलं, 'अनपेक्षित वादळ'. अनपेक्षित म्हणे!

देवळात बैठक झाली. गावकराचंच घर का गेलं, मानाचंच घर का गेलं, ह्याचं उत्तर गावाला हवं होतं, आणि ते तयारच होतं. ठरलं की वच्छीनं ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवावा आणि गाऱ्हाणं घालून माफी मागावी. तोवर आमच्या घराचे नळे परतायला कुणी येणार नाही, असं कुणी म्हणालं नाही. आमच्या गावात असं म्हणत नाहीत. फक्त ज्या दिवशी आमची पाळी होती त्या दिवशी आईनं वीस माणसांचा भात शिजवला आणि एकही माणूस आलं नाही. तो भात आम्ही म्हशीला घातला. मृग दहा-बारा दिवसांवर, वर गारांनी फुटलेले नळे. त्या घरात पावसाळा काढायचा म्हणजे पाण्यात झोपायचं. अण्णा ओटीवर आत्यासमोर बसले.

"अक्का, एक नारळ ठेव. विषय संपव."

"ठेवते ना. नारळाचं काय मोठं? पण बाळा, मला एवढंच सांग, माझं चुकलं काय?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "पाऊस दारात आलाय गो." माझे वडील भले होते, शिकलेले होते, वखारीत त्यांच्या अक्षराचं कौतुक होतं. पण त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं आणि त्यांनी ते दिलं नाही, हे मी त्यांना माफ केलेलं नाही. ते गेले त्याला वीस वर्षं झाली, तरी नाही.

गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवापुढे उभा राहून मोठ्यानं मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यावर मागे उभा असलेला सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. लहानपणापासून ते इतकं अंगात मुरलेलं असतं की गुरवाचा आवाज थांबला की तोंड आपोआप उघडतं. आत्यानं नारळ ठेवला. हिरव्या काठाचं धुतलेलं लुगडं नेसली होती, पदर डोक्यावरून घेतला होता. गुरव सुरू झाला, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेक तुझ्या पायाशी आली हाय."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या मुखातनं वावगा शब्द गेला असंल, त्यानं तुझ्या गावावर आरिष्ट आलं असंल."

"व्हय म्हाराजा!"

"तर तिची चूक पोटात घाल, आणि लेकराबाळांना सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या वेळी आत्यानं मान वळवून मागे बघितलं. मी तिच्या अगदी मागे उभी होते, आणि त्या आवाजात माझाही आवाज होता. तिन्ही वेळा होता. मी ठरवून म्हटलं नव्हतं. पण म्हटलं. आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी वीस माणसं आमचे नळे परतायला हजर! पहिल्या शिडीवर स्वतः सदूभाऊ चढले. दुपारी पंगत बसली. आत्यानं त्यांना सोलकढी वाढली, त्याच आमसुलांची, ज्यांच्यावरून ते खळ्यात हसले होते. त्यांनी मिटक्या मारत ती दोनदा मागून घेतली. दोनदा! मला वाटलं, वाटी त्यांच्या डोक्यावर उपडी करावी. आत्यानं निमूट वाढली.

त्यानंतर आत्या आभाळाबद्दल एक शब्द बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा एकदा गाडीला निघताना सहज म्हणाले, "अक्का, छत्री घेऊ का गो?" ती म्हणाली, "मला काय माहीत?" आणि चुलीत फुंकर घालायला लागली. पण चटया बोलायच्या. भर उन्हात तिनं चटया गोळा केल्या की थोड्या वेळात इंदूकाकीची लुगडी दोरीवरून उतरायची, पलीकडच्या घरातले पापड आत जायचे, सदूभाऊंकडे गवताच्या उडव्या झाकायची धावपळ व्हायची. सगळी वाडी कुंपणावरून आमच्या अंगणात डोकावायची. तोंडानं विचारायला मात्र सगळ्यांची जीभ जड. मी चिडून आत्याला म्हणाले, "तू चटया राहू दे बाहेर. भिजू देत मेल्यांचं सगळं." ती म्हणाली, "आणि माझी आमसुलं भिजतील ती?" मग आमसुलं उलटवत म्हणाली, "बघतात तर बघू देत. बघण्याचा नारळ मागत नायत अजून." त्या घटनेबद्दल ती जन्मात एवढंच बोलली.

ती गेली तेव्हा मी रत्नागिरीत नर्स होते. आता निवृत्त होऊन मांडवीजवळ राहते. मोबाईलवर इशारे येतात, जोराचा वारा, विजा, दक्षता घ्या. गावातली तीच माणसं, त्यांची मुलं, तो आवाज आला की गाड्या आत लावतात, आंबे झाकतात. इशारा फुकट गेला तरी कुणी हसत नाही. खरा झाला तर मोबाईलला कुणी देवळात नेऊन नारळ ठेवायला लावत नाही.

गेल्या शिमग्यात गावी गेले. पालखी देवळात बसली होती, गुरवाचा मुलगा गाऱ्हाणी घालत होता. मी नारळ पुढे केला. तो म्हणाला, "ताई, काय मागणं?" मी म्हटलं, "मागणं नाही. सांगणं आहे. असं म्हण, की वच्छीनं आभाळ बघून खरं तेच सांगितलं होतं. तिची काही चूक नव्हती. चूक गावाची होती." तो गडबडला. म्हणाला, "ताई, गावाची कशी म्हणू?" मी म्हटलं, "मग माझं नाव घाल. मीही त्यातच होते." त्यानं इकडेतिकडे बघितलं. पण वयानं मोठी बाई, हातात नारळ. नाही कसं म्हणेल? त्यानं आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेक वच्छी खरी बोलली होती."

"व्हय म्हाराजा!"

"तिची काय चूक नव्हती. चूक ह्या सुमनची होती, आणि... आणि गावाची होती."

"व्हय म्हाराजा!"

देऊळ दणाणलं. सगळ्यांत मोठा आवाज पुढे उभ्या असलेल्या गावकराचा होता. सदूभाऊंचा नातू, आता पन्नाशीच्या घरातला, डोक्यावर टक्कल. वर्षाचा असताना तो कुणाच्या छातीशी पऱ्यात पडून होता, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी डोळे पुसत होते, तर शेजारची एक तरुण सून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, मनाला लावून घेऊ नका. लोक सवयीनं म्हणतात ते."

मी म्हटलं, "माहीत आहे बाळा. त्या दिवशीही सवयीनंच म्हणाले होते."